पालक म्हणून मीच गेलो

मुलांसाठी शाळा कशी निवडावी यावर मी काही लिहावं, हे मलाच पटत नाही. त्याबद्दल आधीच माफी मागतो. मी अजून स्वतःच शिकतोय, बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला मूल नाही, लग्न झालेलं नाही, आणि ज्या एका मुलीसाठी मी शाळा निवडली ती मुलगी त्या शाळेत गेलीच नाही. तेव्हा हे कोणी सल्ला म्हणून वाचू नये. मागच्या वर्षी चार-पाच महिने मी शाळांच्या फाटकांतून आत-बाहेर करत होतो, एवढंच सांगायचं आहे. तेही नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही.

आमचं घर मळवली स्टेशनजवळच्या भाजे गावात आहे. घरात आई, दादा, वहिनी, त्यांची मुलगी आणि मी. दादा गावातल्याच एका बंगल्यावर माळी आहे. शनिवार-रविवारी तिथं पुण्या-मुंबईचे पाहुणे उतरतात, तेव्हा वहिनीही जाते. भाकऱ्या, भांडी, खोल्या, चादरी सगळं तिच्याकडे असतं. सोमवारी पाहुणे गेले की दोघांना जरा उसंत मिळते. दादाची शाळा सातवीत सुटली, वहिनीची पाचवीत. मी बारावी झालो तेव्हा आईनं वस्तीतल्या बुद्धविहारात पेढे वाटले, आणि त्या दिवसापासून घरात येणारा प्रत्येक कागद माझ्याकडे यायला लागला. लाइटचं बिल, रेशनकार्डाचं काम, दवाखान्याचे रिपोर्ट, शेजारच्या आबांच्या पेन्शनचा फॉर्म. मला सगळं कळतं असं सगळ्यांनी धरून चाललंय. कळत नाही हे सांगायला आता फार उशीर झालाय.

पुतणी तेव्हा अंगणवाडीत होती. डिसेंबरातल्या एका सकाळी दादा कामावर निघता निघता दारात थांबला.

"पोरगी जूनला पहिलीला जाईल," तो म्हणाला. "प्रायवेटला टाकायची. कुटली, ते तू बघ."

"मला काय कळतंय त्यातलं?"

"मंग कुणाला कळतंय? मला? मला गुलाबाचं विचार."

आतून आई म्हणाली, "रोज लोकलनं लोणावळ्याला जातो कालेजात, आन शाळा कळंना व्हय रं तुला?"

गावात जिल्हा परिषदेची शाळा आहे. दादा आणि मी दोघंही तिथंच शिकलो. बाईही चांगल्या आहेत. पण पोरं इतकी कमी झाली आहेत की दोन-दोन इयत्ता एका खोलीत बसतात. दादा त्या शाळेचं नाव काढू देत नव्हता. खरं सांगायचं तर मीही तिची बाजू घेतली नाही. कॉलेजच्या पहिल्या वर्षी इंग्रजीच्या तासाला सरांनी प्रत्येकाला उभं राहून स्वतःबद्दल चार वाक्यं बोलायला सांगितली होती. मी नाव सांगितलं आणि खाली बसलो. सर काही बोलले नाहीत, कोणी हसलंही नाही. पण पुतणीचा विषय निघाला की मला तो तास आठवायचा.

म्हणून एक वही घेतली आणि कामाला लागलो.

पहिली शाळा हायवेवरची, इंग्रजी माध्यमाची. तिची पिवळी बस आमच्या फाट्यापर्यंत येते, त्यामुळे तिच्याबद्दल सगळ्यांनाच कौतुक. शाळेत क्लार्कनं मला छापील पत्रक दिलं आणि दाराकडे बघितलं, म्हणजे आता जा. बाहेर आलो, तर कार्ले फाट्यावर एका टपरीवाल्या चाचींचा मुलगा त्याच शाळेत शिकतो असं कळलं. चाची कणसं भाजत होत्या. मी वही काढली, तर त्या म्हणाल्या, "तुमी पेपरवाले का काय भाऊ? माझा फोटो काढू नका, डोक्याला तेल लावलंय."

मी म्हणालो, पुतणीसाठी विचारतोय.

"शाळा चांगली हाय. बस येळंवर येती. मास्तरणी तेवढ्या टिकत न्हाईत. यंदाची तिसरी हाय. पोरगं घरी येऊन पोएम म्हणतं. मी म्हणलं, अर्थ सांग. तर म्हणतं, मिसनं न्हाई सांगितला." त्यांनी कणीस फिरवलं. "मी म्हणलं, मिसला तरी ठावं हाय का बाबा?"

बाजूला उभा असलेला रिक्षावाला हसला. "चाची, तुमाला कळत न्हाई मनून मिसला कळत न्हाई व्हय?"

"तुला कळतंय का? मंग तू म्हणून दाखीव."

रिक्षावाला रिक्षाकडे वळला. मी वहीत लिहिलं : शिक्षिका बदलतात. नंतर त्या शाळेच्या नावावर फुली मारली.

लोणावळ्यातल्या एका मोठ्या शाळेत मी कॉलेज सुटल्यावर गेलो. काचेची इमारत, सीबीएसई बोर्ड, आत गेल्यावर गार हवा. एका मॅडमनी मला सगळी शाळा फिरवून दाखवली. पोहण्याचा तलावही दाखवला. त्या माझ्याशी इंग्रजीत बोलत होत्या आणि मी मराठीत उत्तरं देत होतो, हे दोघांनीही चालवून घेतलं. मी एकच प्रश्न तयार करून नेला होता : घरी अभ्यास घेणारं कोणी नसेल तर मुलाचं काय होतं? त्या हसून म्हणाल्या, "त्यासाठी आपलं अ‍ॅप आहे ना! पेरेंट्सना रोज नोटिफिकेशन जातं." आमच्या घरात फोनला रेंज येते ती फक्त संडासाच्या पायरीवर. हे मी त्यांना सांगितलं नाही. फी विचारायचीही गरज पडली नाही.

दादाच्या बंगल्याच्या मालकीणबाईंनी तिसराच मार्ग सुचवला. डोंगरावर एक निवासी शाळा आहे, तिथं मुलं राहतात, जेवतात, शिस्त लागते, हवं तर त्या शब्द टाकतील. दादानं घरी येऊन हे सांगितलं तेव्हा वहिनी पीठ मळत होती.

"त्यांची पोरं राहतात का तितं?" तिनं विचारलं.

"त्यांची परदेशात हायेत."

"मंग माझी हितंच ऱ्हाऊ द्या," वहिनी म्हणाली. हात न थांबवता पुढं म्हणाली, "सहा वर्साची पोर. रातीला तिला मांडीवर पाय टाकल्याबिगर झोप येत न्हाई. कुणाच्या मांडीवर टाकंल?"

विषय तिथंच संपला.

जानेवारी असाच गेला, फेब्रुवारीही निम्मा गेला. सकाळी कॉलेज, मग एखाद्या शाळेचं ऑफिस. तिथं "साहेब जेवायला गेलेत." दुपारी मळवलीकडे लोकल नसते, म्हणून दोन-तीन तास लोणावळा स्टेशनवर बसून राहायचं. घरी पोचलो की दादा विचारायचा, "झालं का?" मी म्हणायचो, "बघतोय." माझ्या स्वतःच्या परीक्षेचा अभ्यास विहारात बसून व्हायचा, तोही पुरा होईना. तिथं सतरंजीवर पुस्तक उघडं ठेवून मी बऱ्याचदा नुसता भिंतीला टेकून बसलेला असायचो.

अशाच एका रिकाम्या दुपारी मी लोणावळ्यात एका जुन्या ट्रस्टच्या शाळेसमोर सावलीला बसलो. मराठी माध्यमाची, पण पाचवीपासून गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. शाळा सुटली होती. मैदानाच्या पायरीवर एक बाई एका लहान मुलीचं वाचन ऐकत होत्या. मुलगी अडली की बाई सांगत नव्हत्या, थांबायच्या. मुलगी परत पहिल्यापासून वाचायची. असं कितीतरी वेळ चाललं. मुलीची आई बाजूला पिशवी घेऊन उभी होती. तिला वाचता येत नसावं, कारण ती पुस्तकाकडे बघतच नव्हती, बाईंच्या तोंडाकडे बघत होती. मी वहीत काही लिहिलं नाही. पण शाळा ठरली.

दादाला ते पटवणं सोपं नव्हतं.

"मराठीच शिकवायचं तर मंग गावातली काय वाईट हाय?"

मी मला जमेल तसं सांगितलं. की आधी एक भाषा पक्की झाली तर दुसरी पकडता येते. की माझं इंग्रजी कच्चं राहिलं ते मराठी शाळेमुळे नाही, शिकवणारं कोणी नव्हतं म्हणून. हे सगळं मला खात्रीनं माहीत होतं असं नाही. दादानं पूर्ण ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तू म्हणतोयस तर तसं." त्यानं भांडण केलं असतं तर मला बरं वाटलं असतं.

फॉर्म मीच भरला. वडिलांचा व्यवसाय या रकान्यात मी 'उद्यान पर्यवेक्षक' असं लिहिलं. दादानं न वाचता सही केली. काही दिवसांनी शाळेची चिठ्ठी आली, की अमुक शनिवारी सकाळी दहा वाजता दोन्ही पालकांनी पाल्यासह भेटीस यावे. मी ती मोठ्यानं वाचून दाखवली.

वहिनीनं दादाकडे बघितलं.

"शनवारी पाहुणं असत्यात," वहिनी म्हणाली. "मला न्हाई सोडायचे."

"सुट्टी मागून बघ की," आई म्हणाली.

"त्या मोठ्या मास्तरणी. मी काय बोलू तितं?"

दादा नखातली माती काढत होता. "तूच जा," तो मला म्हणाला. "तू बोलशील नीट. मी बोललो तर उगं पोरीचं नुसकान."

मी नाही म्हणायला हवं होतं. चिठ्ठीत काय लिहिलंय ते मीच वाचलं होतं. पण खरी गोष्ट अशी, की मलाही तेच बरं वाटलं. आमच्याकडे असंच होतं. बँकेत, तालुक्याच्या कचेरीत, दवाखान्यात, जिथं टेबलापलीकडे शिकलेला माणूस बसलेला असतो, तिथं घरातला शिकलेला पुढं करायचा आणि बाकीच्यांनी बाहेर थांबायचं. कुणी असं ठरवलेलं नाही. पण तसंच चालतं.

मग पंधरा दिवस मी पुतणीला तयार केलं. रंग, फळं, प्राणी तिला येतच होते. मी तिचं बोलणं सुधारत होतो. 'न्हाई' नव्हे, 'नाही' म्हणायचं. 'कुटं' नव्हे, 'कुठे'. तिला त्याचा खेळच झाला. आई काही बोलली की ही लगेच, "आजी, हितं नाही गं, इथे म्हण."

"आगं बया," आई म्हणायची, "शाळा लागायच्या आधीच हिनं माझी शाळा घ्यायला सुरवात केली."

त्या शनिवारी दादानं आम्हाला मोटारसायकलवर लोणावळ्याला नेलं. त्याला अकराच्या आत बंगल्यावर परत पोचायचं होतं, म्हणून तो कामाच्याच कपड्यांत होता. गाड्यांची रांग लागलेली होती. तो कडेकडेनं वाट काढत होता, पोरगी आमच्या दोघांच्या मध्ये दबून बसली होती. फाटकाशी त्यानं तिचा फ्रॉक नीट केला आणि म्हणाला, "मी हितं हाय. जावा."

आत मुख्याध्यापिका आणि आणखी एक बाई होत्या. वयस्कर, शांत. पुतणी छान बोलली. झेंडूच्या फुलाचा रंग विचारला, तर तिनं "कुठला झेंडू?" म्हणून उलट विचारलं. दोघी हसल्या. मग मुख्याध्यापिकांनी विचारलं, "आणि बाबा काय करतात?"

मुलीनं माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "ते गार्डन सुपरवायझर आहेत. आज कामावर आहेत."

"न्हाई," पुतणी म्हणाली. पंधरा दिवसांचं सगळं ती एका शब्दात विसरली. "माझं बाबा माळी हायेत. आन ते भाईर उभं हायेत."

मुख्याध्यापिका माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाहेर उभे आहेत? मग बोलवा ना त्यांना."

मी बाहेर गेलो. दादा भिंतीला टेकून उभा होता. मी सांगितलं, आत बोलावलंय. त्यानं स्वतःच्या पँटकडे बघितलं. गुडघ्यांवर मातीचे डाग होते.

"ह्या कपड्यावर?"

"बोलावलंय."

"सांग, गेला कामाला." त्यानं गाडीची किल्ली काढली. "तसंबी जायचंच हाय. तू बोल की नीट."

मी त्याचा हात धरून आत नेलं असतं तर तो आला असता, हे मला तेव्हाही माहीत होतं. मी एकटाच आत गेलो आणि म्हणालो, "ते आत्ताच गेले, मॅडम." बाहेर गाडी सुरू झाल्याचा आवाज आत ऐकू आला. पुतणी या वेळी टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत राहिली.

मुख्याध्यापिका रागावल्या नाहीत. निघताना त्यांनी मला थांबवून सांगितलं, "शुक्रवारपर्यंत आई-बाबांपैकी कोणालातरी एकदा पाठवून द्या. कधीही. पाच मिनिटं पुरे." मी म्हणालो, हो मॅडम.

आणि मी तो निरोप घरी दिला नाही.

का दिला नाही, याचं मला आजही एकच असं खात्रीचं कारण सापडत नाही. मला वाटलं, ते बोलण्यापुरतं म्हणाल्या. मला वाटलं, दादा गेला तर फॉर्ममध्ये मी काय लिहिलंय ते उघडं पडेल. पोरीनं ते आधीच उघड केलं होतं, तरीही मला तसं वाटलं. आणि कदाचित, एवढे महिने फिरलो तो मी, मग माझ्याच्यानं भागत नाही हे मला ऐकायचं नव्हतं. रविवार गेला, सोमवार गेला. मी म्हणायचो, उद्या सांगू. शुक्रवार गेला.

पुढं यादीची वाट बघणं सुरू झालं. रोज कॉलेजातून सुटल्यावर शाळेच्या फळ्यापर्यंत जायचं आणि शिपायाकडून "उद्या या" ऐकून परत यायचं. शेवटी यादी लागली. मी ती वरून खाली वाचली, मग खालून वर वाचली. पुतणीचं नाव नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा वहिनी उठून मागच्या दारी गेली. दादा म्हणाला, "ऱ्हाऊ दे. नंबरच लागला न्हाई तर काय करणार? तू तुझ्या परीक्षेकडं बघ आता." एवढंच. मला त्या मायेची लाज वाटली. तरी मी तोंड उघडलं नाही.

जूनमध्ये पुतणी हायवेवरच्या शाळेत गेली, जिच्यावर मी फुली मारली होती. पिवळ्या बसनं जाते. आता संध्याकाळी तिचा अभ्यास मी घेतो. तिच्या वहीतली इंग्रजी वाक्यं मी आधी स्वतः विहारात बसून, डिक्शनरी बघून वाचून ठेवतो आणि मग तिला सांगतो. तिची या वर्षातली दुसरी मिस चालू आहे. चाचींचा मुलगा तिच्याच बसमध्ये असतो.

दिवाळीआधी त्या शाळेनं पालकांची मीटिंग ठेवली, तीही शनिवारी. आदल्या संध्याकाळी मी माझा शर्ट इस्त्री करायला घेतला. वहिनी चुलीपाशी होती.

"भावजी, तो ठिवा," ती म्हणाली. "उद्या आमी दोघं जाणार हाय."

"बंगल्यावर पाहुणे आहेत ना?"

"असू द्या. सांगून ठिवलंय त्यांना, दुपारी येऊ मनून."

"मीटिंग इंग्रजीत असेल, वहिनी."

"असू द्या."

मी इस्त्री तशीच हातात धरून उभा होतो. तिनं भाकरी उलटली, थापटली, आणि मग माझ्याकडे न बघता बोलायला लागली.

"तुमाला बोलणार नव्हते. त्यांनी शपथ घातलीती. यादी लागली ना तवा, त्या लोनावळ्याच्या शाळेची, त्याच्या दुसऱ्या सोमवारी हे गेलते तितं. एकटेच. चांगली कापडं घालून."

"दादा?"

"व्हय. काय कमी पडलं ते इचारायला. तर त्या मोठ्या बाई म्हणल्या, जागा ठिवली व्हती तुमच्या पोरीसाटी. तुमच्या भावाकडं निरोप दिलता, शुक्करवारपतुर या मनून. न्हाई का दिला त्यानं?"

इस्त्रीची वायर पायात अडकली होती.

"मंग हे म्हणले," वहिनी म्हणाली, "व्हय बाई, दिलता निरोप. मलाच सवड झाली न्हाई."